वासुदेव टेलरच्या पाट्या

वासुदेव टेलर माप छातीचं घ्यायचा, पण बघायचा पायांकडे. एखादा पोरगा या पायावरून त्या पायावर झुलताना दिसला की टेप गळ्यात टाकून विचारायचा, "आट्यापाट्या खेळतं का बे?" पोराचा बाप म्हणायचा, आधी शर्ट शिव.

तुमसरात तेव्हा सगळ्यांना क्रिकेटचं खूळ. आट्यापाट्या म्हणजे गावंढळ पोरांचा खेळ. जमिनीवर आडव्या ओळी, त्याच पाट्या. प्रत्येकीवर एक जण अडवायला उभा, अन् त्याला हुलकावणी देऊन आपण पार जायचं. राईस मिलमागच्या मैदानात टेलर कोंड्याच्या राखेनं पाट्या आखायचा, कापडावर खडू ओढावा तशा सरळ. कोणी सापडला तर ओरडायचा नाही. म्हणायचा, "तुई नजर खरं सांगून राह्यली. तिले खोटं बोलाले शिकव."

भंडाऱ्याला खेटे घालून त्यानं एका साहेबांना राजी केलं होतं. ते येऊन आमचा खेळ बघणार, आवडला तर जिल्ह्याच्या संघात घेणार. टेलरच्या बायकोनं, आमच्या काकूनं, त्याला बजावलं होतं, यंदा पोरं नाही निवडली तर मैदान बंद, मशीन चालू.

आदल्या रात्री अवकाळी पाऊस आला. पाट्या वाहून गेल्या. सकाळी टेलर घमेलं घेऊन मिलच्या राखेच्या ढिगाकडे धावला. तिकडे फिरकाल तर तंगडी तोडीन, असं आम्हाला सांगणारा तोच. राख वरून थंड दिसते, आत धुमसत असते. पण त्या दिवशी वरचा थर ओला, काळा, धुराचं नाव नाही. "पान्यानं इझली रे," म्हणत तो वर चढला, अन् मांड्यांपर्यंत आत गेला.

आम्ही फळ्या टाकून त्याला ओढून काढलं. साहेब आले, अरेरे म्हणाले, चहा घेतला अन् परतले. खेळ बघितलाच नाही.

दवाखान्यात टेलरनं पहिलं तेच विचारलं, साहेब काय म्हणाले. बाकीची पोरं फरशीकडे बघू लागली. नकला करणारा मी एकटा. साहेबांचा नाकातला आवाज काढून म्हणालो, "वा, वासुदेवराव, तुमची चार मुलं घेतली बरं का आम्ही."

टेलर हसला. मग म्हणाला, "आवाज बराबर काढला. पन बोलनं तुयं हाय."

कूस बदलता येत नव्हती, म्हणून त्यानं नुसते डोळे मिटले.

होळीच्या आधी तो गेला. त्यानंतर आम्ही एकदा मैदानात जमलो. पण राख आणायची म्हटल्यावर कोणीच उठेना.