दुखवट्याची टोपी

टोपी लहान आणली, हा माझा पहिला गाढवपणा.

आमच्याकडं घरातला कर्ता पुरुष गेला की तेराव्याला पाहुण्यांनी दुखवट्याची टॉवेल-टोपी न्यायची आणि त्या घराचा भार जो उचलणार त्याच्या डोक्यावर टोपी घालायची. चुलतभाऊ संजय गेला. निपाणीला तेराव्याला मी एकटाच निघालो, टोपी घ्यायचं कामही बायकोनं माझ्यावर सोपवलं. आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या दुकानदारानं माप विचारलं. मी स्वतःच्या डोक्याला हात लावून म्हणालो, "एवढंच." आपल्या डोक्यावरून जगाचं माप घ्यायची खोड मला पहिल्यापासून.

पाटावर संजयचे थोरले भाऊ बसले होते. सगळा भाग त्यांना अण्णा म्हणतो. माझी पाळी आली. टोपी त्यांच्या डोक्यात जाईना. मी दाबली. ती वर आली. परत दाबली. अण्णांच्या टाळूवर ती कागदी होडीसारखी डुलायला लागली. मांडवात कुणीतरी फिस्सकन हसलं. तेराव्याला!

अण्णांनी टोपी काढली आणि माझ्या अंगावर फेकली.

"माग हाकणाऱ्याला डोस्क्याचं माप कुठनं कळायचं रं? जा. गड्यांच्या पंगतीत बस."

गेलो. बसलो. वर हसलोसुद्धा. वाटणीत त्यांच्याकडं मळा गेला, तंबाखूची वखार गेली, पुढं शाळा निघाल्या. आमच्याकडं आडनाव आलं. मी शहापुरात भाड्याच्या जागेत कापडाचे दोन माग चालवतो, जवळच अनगोळला राहतो. माझी पोरगी अण्णांच्याच शाळेत मास्तरीण आहे. अजून कायम झालेली नाही. म्हणून हसायचं.

संजय कसा गेला, हे मांडवात कुणी बोलत नव्हतं. फोटोत तो पण हसत होता.

त्याला त्याच्या बायकोनं मारलं. रेखानं. सकाळी, गॅसवर तवा तापलेला असताना, वरवंट्यानं. मग तिनं गॅस बंद केला. पोरीला शेजारी नेऊन बसवलं. आणि फाटकाशी उभी राहून पोलिसांची वाट बघितली. आता ती जेलमध्ये आहे.

लग्न झाल्यापासून तो मारायचा. फार झालं की रेखा आमच्याकडं अनगोळला यायची. हातात पिशवी नाही, पायात कधी चप्पल नाही. माझी बायको तिला आतल्या खोलीत न्यायची, दार लावायची. मी बाहेर पेपर धरून बसायचो. आतून आवाज यायचा नाही. हळदीचा वास यायचा. दुसऱ्या दिवशी दारात अण्णांची गाडी. अण्णा उतरायचे नाहीत. हॉर्न वाजायचा. एकदाच. रेखा हातातला चहा तसाच ठेवून उठायची.

जेवण झालं. हात धुतोय तोवर निरोप आला, अण्णा माडीवर बोलावतात.

"ये. बस," अण्णा म्हणाले. मघाशी अंगावर टोपी फेकणारा माणूस आता खुर्ची पुढं सरकवत होता. मला तेव्हाच घाम फुटला.

"तिच्या वकीलबाईनं साक्षीला तुझं नाव दिलंय म्हनं."

"व्हय. दिलंय जणू."

"मग काय सांगनार?"

"बघू की अण्णा..."

"बघायचं काय त्यात? ती मार खाऊन येत नव्हती तुझ्याकडं. बेळगावात तिचं कुनाबरबर तरी हुतं. त्याला भेटाया यायची. एवढंच म्हनायचं."

"अण्णा, आसं कसं..."

"तुझी पोरगी औंदा कायम व्हायची हाय न्हवं?"

बोलणं संपलं होतं. मी मान हलवायचीच बाकी होती. आणि माझी मान तशी हलक्या बुडाची, कुणीही हलवावी.

तेवढ्यात गौरी चहा घेऊन आली. रेखाची पोरगी. पाचवीतली. डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. सकाळपासून सगळे तो हात बघत होते. "जिन्यावरनं पडली," असं सगळे न विचारताच एकमेकांना सांगत होते. कोणत्या सकाळी पडली, ते कुणी सांगत नव्हतं.

ती अण्णांच्या खुर्चीजवळ आली. अण्णांना उकडत होतं. पंख्याचं बटण दाबायला त्यांनी हात वर केला.

पोर खाली बसली.

मान खांद्यात. डोळे मिटलेले. तोंडातून हूं की चूं नाही. बशीत चहाचा थेंब सांडला नाही.

पंखा सुरू झाला. तिनं एक डोळा उघडून बघितलं, उठली, चहा टेबलावर ठेवला, गेली.

एवढ्या सफाईनं बसायला पोर एका दिवसात शिकत नाही.

मला फेकलेली टोपी आठवली नाही, पोरीची नोकरी आठवली नाही. मी उभा राहिलो. असल्या वेळी माणसाचा आवाज भारदस्त निघावा. माझा चिरका निघाला.

"ती मार खाऊन यायची. तसंच सांगनार मी."

"काय म्हनलास?"

"कोर्टात या. तिथं ऐका."

अण्णा ओरडले नाहीत. त्यांनी चहा उचलला, फुंकर मारली.

"जा. जपून जा. रस्ता वाईट हाय."

एसटी स्टँडपर्यंत मी जवळजवळ पळतच आलो. संकेश्वर येईस्तोवर मात्र मी स्वतःच्या नजरेत मोठा माणूस झालो होतो. यमकनमर्डीला परत घाम. रस्ता वाईट आहे म्हणजे काय? मागं एक गाडी बराच वेळ आमच्या बसला ओलांडत नव्हती. मी सारखी मान वळवून बघत होतो. शेजारचा म्हातारा म्हणाला, "मान धरलीया काय?"

घरी पोचलो तर बायको दारातच उभी.

"पोरीचा फोन आलता," ती म्हणाली. "उद्यापासनं साळंत येऊ नको म्हनाले तिला."

मी उंबऱ्यावरच बसलो. मग सगळं सांगितलं. माडी, चहा, पंख्याचं बटण. शेवटी छाती जरा पुढं काढून म्हणालो, "साक्ष देनार म्हनून तोंडावर सांगून आलोय."

वाटलं होतं, पाणी तरी आणून देईल.

"तुमी काय सांगनार? तुमी काय बघितलासा? पेपर? तिची पाठ मी बघितलीया. रगात मी धुतलंया. साक्ष मी देनार. वकीलबाईला मघाशीच सांगितलंय, माझं नाव घाला म्हनून."

मी चपलेचा पट्टा सोडायला वाकलो.

"चप्पल काडू नका," ती म्हणाली. "एवढं बघून त्या पोरीला तिथंच ठिवून आलासा व्हय? उठा. वकीलबाईला परत फोन लावा, पोलिस घिऊन निपाणीला या म्हनावं. गौरीला घिऊनच परत यायचं."