कूस पालटताना

देवी हाकेला धावते असं लहानपणापासून ऐकत आले, पण परीक्षेच्या त्या सकाळी माझा तिच्यावर फार राग होता. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवरा गेल्यावर मी मुरगूडला भावाकडे राहत होते आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या सेवेचा कोर्स कोल्हापुरात शिकत होते. "लोकांचं गू-मूत काढायला शिकावं लागतंय व्हय?" वहिनी उठता-बसता टोमणा मारायची. प्रात्यक्षिकात पास झाले तर वृद्धाश्रमात नोकरी आणि राहायला खोली. नापास झाले तर जन्मभर वहिनीचे टोमणे.

आणि प्रात्यक्षिकाला नेमक्या माझ्या वाट्याला आल्या त्याच वृद्धाश्रमातल्या आक्का. अंगावरून वारं गेलेलं, डावी बाजू लुळी. पण उजव्या हाताने कॉटची दांडी धरली की धरली! कुणी हात लावला की किंचाळायच्या. त्यांना कुशीवर वळवून पाठ पुसायची आणि चादर बदलायची, एवढीच परीक्षा. सरावात मला ते एकदाही जमलं नव्हतं. त्यात त्यांची पाठ लाल व्हायला लागलेली. अशाच पडून राहिल्या तर जखम होणार, हे मला दिसत होतं.

परीक्षेआधी अंबाबाईला गेले तर ही भली मोठी रांग! बाहेरूनच हात जोडले आणि चिडून म्हणाले, "आई, तुला काय गं, तू उभीच हाईस. पडून राहणाऱ्यांचं तुला काय कळणार? निदान माझ्या हातांना बळ तरी दे." पुढे बसमध्ये जोतिबाच्या डोंगरावरून आलेली एक अनोळखी म्हातारी शेजारी बसली. तिने न विचारताच माझ्या कपाळाला गुलाल फासला. "असू दे गं बाई, देवाचा हाय." गणवेशाच्या पांढऱ्या साडीवर सांडला तर शिकवणाऱ्या सिस्टर ओरडतील म्हणून मी मनातून वैतागले, पण उतरायच्या गडबडीत पुसायचा राहूनच गेला.

परीक्षक बाई कॉटशेजारी उभ्या होत्या. मी वाकले, तर आक्का किंचाळल्याच नाहीत. माझ्या कपाळाकडे टक लावून बघत राहिल्या.

"डोंगरावर गेलतीस?"

"न्हाय आक्का. गुलालच खाली आला की."

पुढचं माझ्या तोंडून कसं निघालं, देव जाणे. "जोतिबाच्या नावानं..."

"चांगभलं!" आक्का गरजल्या. दांडी सुटली आणि गुलाल उधळावा तसा त्यांचा हात वर जाऊन माझ्या बाजूला आला. हातामागून खांदा आला, खांद्यामागून सगळं अंग वळलं. मी नुसता आधार दिला. पाठ पुसली, चादर बदलली. कातडी शाबूत होती. "झालं की!" परीक्षक बाई हसल्या. मी बाहेर नळापाशी जाऊन घळाघळा रडले. सुटले गं बाई!

कुणी याला योगायोग म्हटलं तर मी वाद घालत नाही. मी माझ्या हातांना बळ मागितलं होतं. ते आलं आक्कांच्या हातात. तेव्हापासून कुणाला जोर लावून वळवत नाही. एका आजोबांना "जय भीम" म्हणून थांबते, ते हसत स्वतःच कुशीवर होतात. आपण आधार द्यायचा, वळवणारा निराळा आहे.

मला वृद्धाश्रमात नोकरी लागली आणि आक्का पुढे बरीच वर्षं तिथे माझ्याकडेच होत्या. त्यांना शेवटची अंघोळ मीच घातली. पाठीवर एकही जखम नव्हती. आई अंबाबाई, त्यासाठी आजही हात जोडते.