दाबायला काहीतरी कडक हवं

विनयचा फोन आला तेव्हा मी मेट्रोत उभा होतो. नेहमीसारखा गरजलो, "बोल, काय म्हणतेय तुझी महाराणी?" "गेली रे ती," तो म्हणाला. त्याची बायको, माझी मैत्रीण वसुधा. डबाभर लोक माझ्याकडे बघत होते. चुकीच्या प्रवेशाला आलेल्या नटासारखा मी पुढच्याच स्टेशनवर उतरलो. त्याला आता काही आठवडे झाले.

वसू संशोधक. शरीरातल्या लढाऊ पेशी कॅन्सरच्या पेशींना कशा ढकलतात, दाबतात, हे ती सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. मला ती भेटली मात्र दिल्लीत, आर. के. पुरमच्या गणेशोत्सवात, नाटकात. तिनं मला ढकलायचं, मी पडायचं, एवढाच प्रसंग. मी हौसेनं असा कोसळलो, की तिचा हात लागायच्या आधीच जमिनीवर! प्रेक्षक हसून लोळले. विंगेत ती कडाडली, "गाढवा, पाय रोवून उभा राहा! तूच मऊ पडलास तर माझा धक्का लागणार कुठे?"

पुढे तिच्याच मानेत गाठ निघाली. तिच्या लढाऊ पेशींना चेतवणारं औषध सुरू झालं. एकदा त्यांच्या गाझियाबादच्या घरी गेलो, तर विनयनं दारातच मिठी मारली. "यार, गाठ मऊ लागतेय!" मी तडक जिलब्या आणल्या. नाचलोसुद्धा, खोटं कशाला सांगू? वसूनं जिलबी हातात घेतली, खाल्ली नाही.

"नुसती सूज उतरलीय रे," ती म्हणाली. "गाठीभोवतीची भिंत इतकी घट्ट आहे, की माझे शिपाई आत फारसे शिरतच नाहीत. जे शिरतात त्यांना आत कॅन्सरच्या पेशी नाटकातल्या तुझ्यासारख्याच भेटतात, मऊ. मारायचं तर जोर लावावा लागतो... दाबायला काहीतरी कडक नको?"

"बिल्कुल चुकतेयस तू," विनय म्हणाला.

"आयुष्यात पहिल्यांदा मला चुकायचंय, विनय."

पुढच्या स्कॅननं सांगितलं, ती चुकली नव्हती. औषध थांबलं. त्यानंतर तिनं पेशींचा विषय काढला नाही, आणि मीही घरात नकला करणं सोडलं.

परवा विनयकडे जेवायला गेलो. लोणच्याची बरणी मीच फडताळातून काढली. आजारपणाआधी वसूनं भरलेली. झाकणं ती अशी आवळायची की घरात दुसऱ्या कुणाला उघडायची नाहीत. विनय हसावा म्हणून मी बाह्या सरसावल्या, डोळे वटारले, दात-ओठ खाल्ले. झाकण किंचित हललं.

"राहू दे," तो घाईनं म्हणाला. "तिनं लावलंय ते."

आम्ही नुसता वरणभात खाल्ला.