ओंडक्यावरचा हात

मटणाच्या दुकानातल्या मावशीच्या जिभेला हाड नाही, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. पाव किलोसाठी घासाघीस करणाऱ्याला ती सरळ सांगायची, "बाबा, घरी जा आणि पालेभाजी खा." पण कामात तिचा एक नियम होता: ओंडक्यावर दुसऱ्याचा हात असेल तर सत्तूर उचलायचा नाही. नवरा गेल्यापासून ती आणि दीर मिळून दुकान चालवत होते, आणि इतक्या वर्षांत कुणाला साधं खरचटलं नव्हतं.

त्याच दिराने दारूच्या नशेत तिच्या एकुलत्या एका पोराला दुकानातल्याच सत्तुराने ठार मारलं. भांडण कसलं, तर शटर कोणी ओढायचं याचं. सकाळी धार मावशीनेच लावली होती. ती रडली नाही. दुकान उघडून बसली आणि हाडं अशी फोडू लागली की किरचा भिंतीवर जायच्या. गिऱ्हाईकं मागे सरकून उभी राहायची.

दीर जामिनावर सुटला आणि भर सकाळी दुकानात आला. उजवा हात त्याने ओंडक्यावर ठेवला.

"वहिनी, हाच तो हात. तोडून टाक."

"काढ हात."

"नाही काढत."

"मेल्या, काढ म्हणते ना."

तो हलला नाही. मावशीने सत्तूर उचलला आणि घातला. दोन बोटं उडून तराजूखाली गेली, रक्त तिच्या तोंडावर आलं. तो किंचाळला आणि तिला बरं वाटलं, हो, वाटलं. दुसरा घाव मानेवर घालायला तिने हात वर नेला, तोच छातीत पाचर ठोकावी तशी कळ आली आणि ती ओंडक्यावरच कोसळली. हाताला फडकं गुंडाळून दिरानेच तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं. "मावशी, रक्तवाहिन्या साफ आहेत. दुःखाचा नि संतापाचा ताण इतका झाला, की हृदय टोकाकडे फुगलंय, नीट आकसत नाही. घाबरू नका. बहुतेकांचं महिन्या-दोन महिन्यांत पहिल्यासारखं होतं."

"पहिल्यासारखं?"

"हो."

"माझं पोर गेलं, आणि हे महिन्याभरात पहिल्यासारखं होणार?" मावशीने मूठ वळली आणि स्वतःच्याच छातीवर हाणली, परत हाणली. "लाज कशी वाटत नाही मेल्याला."

नर्सने तिचे हात धरले. तेव्हा कुठे, पोर गेल्यापासून पहिल्यांदा, तिला रडू फुटलं. बाहेर बाकावर बसलेल्या दिराला ते सगळं ऐकू येत होतं.