कारण न सापडलेला ताप

रश्मीताई देशकरांनी नोकरीची सगळी वर्षं शब्द फोडून दाखवण्यात घालवली. दवाखान्यांच्या ऑफिसांत काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना त्या सस्काटूनच्या एका कॉलेजात मेडिकल टर्मिनॉलॉजी शिकवत. नागपूरहून इकडे परदेशात येताना त्यांच्याकडे मायक्रोबायॉलॉजीची एम.एससी. होती. इथे ती कुणी मोजली नाही. मिळालं ते काम त्यांनी धरलं आणि पुढे त्यातच रमल्या.

त्यांचा आवडता तास आगीचा. फळ्यावर त्या नुसतं 'पायर' लिहायच्या. ग्रीकमध्ये आग. त्यातून पायरेक्सिया, म्हणजे ताप. पायरोजेन, ताप आणणारा पदार्थ. अँटिपायरेटिक म्हणजे आगीच्या विरुद्धचं. तुमच्या घरातली तापाची साधी गोळी. मग त्या पायरोमीटरवर यायच्या, कारण त्यांचे यजमान प्रतापराव मेटलर्जिस्ट होते आणि भट्टीची उष्णता लांबूनच मोजायचं ते यंत्र त्यांच्या लॅबमध्ये होतं. एकदा एका मुलीने विचारलं, "मिसेस देशकर, चितेला इंग्रजीत पायर म्हणतात, तेही यातलंच का?"

"हो," म्हणून रश्मीताईंनी फळा पुसला.

दोघं रिटायर झाल्यानंतरच्या एका उन्हाळ्यात उत्तरेकडची जंगलं पेटली आणि शहरावर धूर उतरला. खिडक्या बंद. सूर्य तांब्याच्या पैशासारखा. त्याच दिवसांत प्रतापरावांना संध्याकाळी ताप यायला लागला. धुराने असेल, व्हायरल असेल, असं म्हणत जुलै गेला. फॅमिली डॉक्टरने रक्त तपासलं, एक्स-रे काढला, पुढे स्पेशालिस्टकडे रेफर केलं. तिथल्या कागदावर लिहिलं होतं: पायरेक्सिया ऑफ अननोन ओरिजिन.

"काय म्हणतायत?" गाडीत बसल्यावर प्रतापरावांनी विचारलं.

"ताप आहे, पण कशाने ते कळत नाही."

"हे तर मी घरूनच सांगितलं असतं."

रश्मीताईंना हसू आलं नाही. हेच शब्द त्या परीक्षेत एका मार्काला फोडायला देत असत.

घरी त्यांना एका जागी बसवेना. बेसमेंटमध्ये जायच्या आणि कशाला आलो ते विसरून वर यायच्या. धुतलेली भांडी परत धुवायच्या. दुपार कलली की थर्मामीटर हातात. दूर कोक्विटलाम शहरात राहणाऱ्या मुलीला, ऊर्मीला, दिवसातून कितीदा तरी फोन.

"लिम्फोमा पण असू शकतो, ऊर्मी, गाठींचा कॅन्सर. किंवा हृदयाच्या झडपेला इन्फेक्शन."

"आई, प्लीज स्टॉप गूगलिंग. बाबा जेवतायत का नीट?"

"जेवतात की. पण भाकरी नको म्हणतात. पोळी वरणात बुडवून खातात."

"देन लेट हिम."

रश्मीताईंनीही ते तापाच्या अशक्तपणावर सोडून दिलं. त्यांच्या डोक्यात एकेक आजार फिरत होता आणि प्रत्येकाचं नाव त्यांना अर्थासकट येत होतं. वर्गातल्या त्या मुलीने विचारलेला तो शब्दही मधूनच यायचा. मग त्या उठून उगाचच नळ सोडायच्या.

ऑगस्टमधल्या एका सकाळी प्रतापराव चहाचा कप हातात धरून म्हणाले, "धूर घरात शिरलाय का गं?"

"नाही. का?"

"उजवीकडचं सगळं धुरकट दिसतंय."

त्यांनी डावा डोळा हाताने झाकला आणि तसेच बसून राहिले. रश्मीताईंनी गॅस बंद केला, गाडीची किल्ली घेतली. चपला घालायचंही त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

इमर्जन्सीमध्ये तरुण डॉक्टर होती. तिने डोळा पाहिला, आधीचे रिपोर्ट पाहिले आणि विचारलं, "चावताना जबडा दुखतो?"

प्रतापरावांनी आधी बायकोकडे पाहिलं. "हो. थोडं चावलं की दुखतो."

"डोकं विंचरताना?"

"तेही."

तिने कानशिलावर बोट टेकवलं तसे ते मागे सरकले. आणखी तपासण्यांची वाट न पाहता तिने स्टेरॉइड सुरू केलं. कानशिलातल्या धमनीचा तुकडा नंतर तपासायला गेला. धमन्यांना सूज होती; ताप आणि जबड्याचं दुखणं त्यानेच, आणि डोळ्याचा रक्तपुरवठाही त्यामुळेच तुटत होता. जायंट सेल आर्टेरायटिस. त्या नावात आग कुठेच नव्हती.

ताप दोनेक दिवसांत उतरला. डावा डोळा वाचला. उजव्याची नजर गेली ती आली नाही.

हॉस्पिटलच्या खोलीत एकदा दोघंच असताना रश्मीताई म्हणाल्या, "जबडा दुखत होता, अहो. महिनाभर. मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

"दात असेल वाटलं."

"खोटं बोलू नका."

प्रतापरावांनी पांघरुणाची कड बोटांनी दुमडली. "सांगितलं असतं तर तू त्याचंही नाव शोधलं असतंस. तू रोज नवीन नाव घेऊन यायचीस, रश्मी. मला भीती वाटायची."

रश्मीताई बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. ऊर्मीचा फोन वाजला, तो त्यांनी उचलला नाही. थोड्या वेळाने आत येऊन त्या पलंगावर, त्यांच्या डाव्या बाजूला बसल्या. तिकडचं प्रतापरावांना दिसत होतं.

स्टेरॉइडने प्रतापरावांना भूक लागते आणि राग येतो. त्यांचं ड्रायव्हिंग बंद झालंय. तपासणीला रश्मीताईच नेतात. परवा पहिला बर्फ पडला तेव्हाही त्यांनीच गाडी काढली.

"विंटर टायर्स लावले का?" प्रतापरावांनी विचारलं.

"लावले."

"उजवीकडून ट्रक येतोय का बघ. मला दिसत नाहीये."

"बघतेय हो," त्या म्हणाल्या. ट्रक जाईपर्यंत थांबल्या आणि मग वळल्या.