म्हशीच्या नावावर

हे मी आमच्या मालकांनाही सांगितलं नाही, आणि आता सांगायला ते राहिले नाहीत. देवापुढं बसले की बाकी सगळं बोलते, तेवढं एक सोडून. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुमच्यापाशी जमेल. जमेल ना? बघू.

शाळा माझी तिसरीपर्यंतची. पुढचं वाचायला शिकले ती एसटीच्या पाट्या वाचत. त्यामुळं लिहिणं माझं असं, बोलल्यासारखं. मध्येच थांबले तर समजून घ्या. दम लागतो आता — आणि नुसता वयाचा नाही.

आधी वळण सांगते. आमचं गाव माणच्या पलीकडं, कंपन्या झाल्या त्या बाजूला. भाताची खाचरं होती तिथं आता खोल्या झाल्या, माझ्याही दारात भाडेकरू आहेत. गावाच्या तोंडाशी रस्ता एकदम वळतो. तिथं पूर्वी बांबूचं बेट होतं, आता बांधकामाचा पत्रा उभा आहे. तेव्हाही पलीकडचं दिसत नव्हतं, आताही दिसत नाही. डंपर, पाण्याचे टँकर, कंपनीच्या बसगाड्या, खाण्याच्या पिशव्या पाठीला लावून पळणारी दुचाकीवाली पोरं, सगळी तिथूनच. शाळा एका बाजूला आणि गाव दुसऱ्या. चालणाऱ्यानं पाय ठेवायचा कुठं?

तुम्ही म्हणाल, मग तिथं गतिरोधक का नाही, दिवा का नाही? तेच तर सांगायला बसले आहे.

मला गावात शांताआक्का म्हणतात. भाऊबंदकी असो, सासू-सुनेचं असो, माणूस आधी माझ्याकडं येतो. वळणावर कुणाला गाडी लागली तरी तेच. "आक्का, तेवढं मिटवा." मी मिटवायची. पोलिसांत गेलं की गाडी अडकते, कोर्टाच्या खेपा सुरू होतात, त्यात दोन्ही घरं पिचतात. त्यापेक्षा गाडीवाल्यानं दवाखान्याचं बघायचं, माझ्या ओट्यावर चहा व्हायचा, की संपलं. दवाखान्यात सांगायचं — जिन्यावरून पडला, बांधावरून घसरली. सगळ्या गावाला ही रीत सोयीची वाटली. आणि मला? मला मोठेपणा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

पण ही रीत मला कुणी शिकवली नव्हती. पहिल्यांदा मी ती माझ्या घरासाठीच वापरली.

यमुना आणि मी एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आलो. तिचं घर आमच्या घराला लागून. एकमेकींच्या पोरांना आम्ही अंगावर पाजलंय. आता याहून जास्त काय सांगू? तिची एक म्हैस होती, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चंद्री. इतकी गरीब म्हैस, की पोरं तिच्या पाठीवर बसून ओढ्यावर जायची.

माझा मधू तेव्हा कंपनीच्या माणसांची ने-आण करायचा, गाडीवर. रात्रपाळी करून सकाळी घरी येत होता. डोळ्यांवर झोप. यमुना गवताचा भारा घेऊन वळणावर रस्ता ओलांडत होती.

मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. आवाज आला. धावले. भारा सुटून रस्ताभर गवत झालेलं, आणि त्यात यमुना, पाय भलत्याच बाजूला वळलेला. मधू शेजारी उभा, पांढराफटक. रस्त्यावर तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. तिला त्याच गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. वाटेत मधू एकच बोलत होता, "आये, मी सांगतो काय झालं ते. मी सांगतो."

तो सांगणार होता. हे नीट लक्षात ठेवा, माझ्या पोराला नावं ठेवू नका.

दवाखान्यात डॉक्टरीण तरुण पोरगी होती. तिनं विचारलं, कसं झालं? मधूनं तोंड उघडलं, आणि त्याच्या आधी मी बोलले. "म्हशीनं मारलं हो बाई. गोठ्यात."

ती म्हणाली, "गाडीचं काही नाही ना? तसं असेल तर पोलिसांना कळवावं लागतं."

"नाही हो. म्हसरूच ते."

कंपनीत गाडी लावायची तर पोलिसांचा दाखला स्वच्छ लागतो, हे मला माहीत होतं. एवढंच डोक्यात होतं. यमुना शुद्धीवर होती बरं का. तिचा हात माझ्या हातात होता. मी तो दाबला. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग वर पंख्याकडं. हात मात्र सोडला नाही. मी तिला विचारलं नाही, पाया पडले नाही, 'एवढं कर गं माझ्यासाठी' असंही म्हटलं नाही. नुसता हात दाबला. आणि तिचे मालक आले तेव्हा तीच म्हणाली, "चंद्रीनं मारलं."

का म्हणाली? कितीदा विचार केला. तिला विचारायला मात्र तोंड उघडलं नाही.

मला वाटलं, मिटलं. दवाखान्याचं सगळं आम्ही केलं, घरी आल्यावर मी तिचं न्हाणं-धुणं केलं. गाव म्हणायचं, सख्खी बहीण करणार नाही एवढं. मी ते ऐकून घ्यायची. कसं ऐकून घेतलं असेल, सांगा?

आणि मग चंद्री. मारकी म्हैस दारात कोण ठेवणार? यमुनाच्या मालकांनी टेम्पो बोलावला. म्हैस चढेना, चार माणसं लावली. मी यमुनाच्या खाटेपाशी बसून तिला पेज भरवत होते. बाहेर चंद्री हंबरत होती, आणि यमुना भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी चमचा पुढं करत होते. तोंडातून एक शब्द काढला असता तर टेम्पो थांबला असता — दारातच तर होता. मी म्हटलं, "घे, गार होईल."

एवढंच असतं तरी कदाचित मी ते माझ्याबरोबर नेलं असतं. पण पुढं ऐका.

गेल्या वर्षी आमच्या सरपंचबाईंनी, सुनीतानं, रस्ता सुरक्षेच्या सरकारी निधीसाठी प्रस्ताव टाकला. पोर जिद्दीची. वळणावर गतिरोधक, पांढरे पट्टे, दिवे, चालायला कडेनं वाट आणि पलीकडचं दिसावं म्हणून तो मोठा गोल आरसा. साहेब बघायला आले, देवळापुढं सभा भरली. साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "वळण धोक्याचं आहे, मला दिसतंय. पण निधी थोडा, मागणारी गावं फार. जिथं अपघातांची नोंद, तिथं आधी. तुमच्या वळणावर गाडीच्या अपघाताची नोंदच नाही."

नोंद कशी असेल? सगळी माझ्या ओट्यावर चहाबरोबर संपलेली.

सुनीता पेटली. "साहेब, हितं घराघरात लंगडं माणूस हाय! बोला की रं, ज्याला लागलंय त्यानं उठून सांगा, जबाब द्या!" कुणी उठेना. पोरं खाली बघायला लागली, म्हातारी माझ्याकडं. मिटवलेलं उकरायचं, तर ते आक्कानं आधी म्हणावं, असं होतं ते. मी पदर सारखा करत बसले.

मग साहेबांची नजर पुढं बसलेल्या यमुनावर गेली. काठी, वाकडा पाय. "आजी, तुमच्या पायाला काय झालं? गाडी लागली का?"

यमुना काठीवर जोर देऊन उठली. सावकाश. साहेबांकडं न बघता तिनं माझ्याकडं बघितलं. थांबली ती. खरंच थांबली, मला जागा करून दिल्यासारखी. मधू आता स्वतःच्या गाड्या चालवतो, त्याला दाखल्याचं भय राहिलेलं नाही. मग मला कशाचं होतं? सांगू? आक्का म्हणतात ना मला. तेवढंच. दुसरं काही नाही.

मी मान खाली घातली.

"म्हशीनं मारलं साहेब," यमुना म्हणाली, आणि बसली.

मागून कुणीतरी ओरडलं, "लई मारकी होती साहेब तिची म्हैस! टेम्पोत घालाया चार गडी लागलं!" सगळे हसले. साहेबही हसले. सुनीता तेवढी हसली नाही.

निधी दुसऱ्या गावाला गेला. आता पुन्हा मागायचा म्हणतात, तेव्हा पुन्हा तेच विचारतील. पावसाळ्यात एका भाडेकरणीला त्याच वळणावर दुचाकीनं उडवलं. तिचा नवरा माझ्याकडंच आला, हिंदीत विचारायला, की इथं काय करतात. त्याला मी पोलिसांत जा म्हटलं. गेला की नाही, माहीत नाही. मी सोबत गेले नाही.

यमुना आणि मी अजून रोज सकाळी देवळात जातो. वळण ओलांडावं लागतं. मी एका हातानं तिचा दंड धरते, दुसरा हात गाड्यांना आडवा करते. दुचाकीवाली पोरं थांबतात, कुणी हसून म्हणतं, "काय जोडी हाय आज्यांची!"

परवा असंच रस्त्याच्या मध्ये होतो. यमुना थांबली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाली, "शांते, चंद्री मारकी नव्हती गं."

मी म्हटलं, "चल लवकर. गाडी येतीय."