बाहीवरच्या पट्ट्या

बोटीवर पट्ट्या हुद्द्याला मिळतात, दर्यावर काढलेल्या वर्षांना मिळत नाहीत. म्हणून माझ्या पट्ट्या मी शिंप्याकडून शिवून घेतल्या. मी जन्मभर इंजिनरूममध्ये ऑइलर, यंत्रांना तेल घालणारा. बाही कोरी घेऊन गेलो, कोरी घेऊन निवृत्त झालो. पण वैशूचा, आमच्या एकुलत्या एका लेकीचा, साखरपुडा खाडीपलीकडं दिघीला मुलाकडे ठरला आणि वाटलं, हा माणूस इतकी वर्षं होता कुठं, ते व्याह्यांना (आणि खरं सांगायचं तर वैशूलाही) दिसावं. पांढरा शर्ट, दर सफरीला एक सोनेरी पट्टी. बाही कोपरापर्यंत भरली.

"अहो, बँडवाले दिसताय," बायको म्हणाली.

आगरदांड्याच्या धक्क्यावर मात्र कदर झाली. बायको नि वैशू फेरीबोटीत जाऊन बसल्या. मी रेंगाळलो, लोकांना बाही दिसावी म्हणून. तेवढ्यात एका टेम्पोवाल्यानं मान बाहेर काढली.

"कप्तान, रिवस घेतो. बघा जरा."

कप्तान! आयुष्यात मला कोणी असं म्हटलं नव्हतं. मी टेम्पोला वाट दाखवू लागलो. "येऊ दे... येऊ दे..." टेम्पो बोटीवर नीट चढला, तसा मी पट्ट्यांचा हात उंच करून ओरडलो, "बस!"

ते टेम्पोला होतं. पण बोटीवरच्या खलाशानं बाही पाहिली, बंदरखात्याचा कोणी मोठा साहेब समजला, मलाच सलाम ठोकला आणि रॅम्प उचलला. बोट सुटली.

फोन वाजला. "अहो, कुठं हाव तुमी?"

"धक्क्यावर."

"नि बोट कुनी सोडली?"

"...मीच."

मागून वैशूचा आवाज आला, अगदी साधा, "असू दे गं आई. सांगू, बाबा मागून येतायत. शाळेत पण मी हेच सांगायचे."

बोट लहान होत गेली. दोघी कठड्याशी उभ्या होत्या. मी हात हलवला. धक्क्यावर मागं राहून हात हलवायची माझी ही पहिलीच खेप. आजवर हे काम त्या दोघींकडं होतं. भरल्या धक्क्यावर, सोन्यानं मढलेला, मी एकटाच. एक मावशी जवळ आली. "सायेब, फुडची फेरी कंदी?"

"मला न्हाय ठाऊक, मावशी."

"मंग येवड्या पट्ट्या कशाला?"

पुढच्या फेरीनं पोचलो. साखरपुडा माझ्यासाठी थांबला होता, पेढे मात्र नाही. व्याह्यांनी आदरानं बाहीला हात लावला. "हे कशाचं हो?"

मी वैशूकडं पाहिलं आणि म्हणालो, "फेऱ्या चुकल्याच्या. आजची अजून शिवायची हाय."